लोखंडी टोपडं

धारवाडमधल्या सप्तापूरच्या त्या घरात राहायला गेलो तेव्हापासून मी ‘तीन नंबर’ होतो. वाचणाऱ्याला तुरुंगाची आठवण होईल, पण तसं काही नव्हतं. आमच्या घरमालकांची ती पद्धत होती. खोली बघायला आलेल्या माणसाला ते नोकरीचं विचारत नसत, जातीचं तर नाहीच. अंगणातल्या सिमेंटच्या बाकावर बसवून तीन प्रश्न विचारत. नाव काय? अर्थ काय? ठेवलं कुणी? तिन्हींची उत्तरं धड आली तर माणूस नावानं ओळखला जाई. नाही आली तरी खोली मिळे, पण नाव फाटकाबाहेर ठेवून खोलीच्या नंबरानं आत यावं लागे.

नाव मी सांगितलं. अर्थ मला ठाऊक नव्हता, आणि तोवर त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं.

“ठेवलं कुणी?”

मी खरं ते सांगितलं. आमच्या गडहिंग्लजकडच्या खेड्यात घरी सगळे मला बाळ्याच म्हणत. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी नाव विचारलं, वडिलांना ऐनवेळी काही सुचेना, तेव्हा मास्तरांनाच जे सुचलं ते त्यांनी लिहून टाकलं.

“म्हणजे तुझं नाव सरकारनं ठेवलंय,” ते म्हणाले. “अर्थ हुडकून आण. तवर तू तीन नंबर.”

सगळं सप्तापूर त्यांना अण्णा म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. घराणं मूळचं कोल्हापूरकडचं, दोन-तीन पिढ्यांमागं हुबळीत येऊन कापडाच्या व्यापारात मुरलेलं. कोप्पीकर रोडवरचं दुकान मुलाच्या हाती देऊन अण्णा आणि काकू धारवाडला येऊन राहिले होते. का, तर म्हणे हुबळीत माणूस भाव विचारायला येतो, धारवाडात बोलायला येतो. मी त्या वेळी हुबळीच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवत होतो, तेही हंगामी. रोज बसनं जायचो, यायचो आणि अंगणात अण्णांच्या तावडीत सापडायचो.

त्यांच्या त्या तीन प्रश्नांतून कुणी सुटत नसे. विजेच्या खांबावर चढलेल्या लाइनमनला त्यांनी खालून अर्थ विचारलेला मी पाहिला आहे. तो बिचारा वर, हातात पक्कड, आणि हे खाली छत्री टेकून उभे. भाजीवालीनं ‘ठाऊक न्हाई अण्णा’ म्हटलं की हे कांदे परत टोपलीत टाकून पुढच्या गाड्याकडे निघत. चार दिवसांनी तीच बाई लांबून हाक मारून अर्थ सांगे, आणि मग अण्णा गरज नसताना दोन किलो वांगी घेऊन येत. काकू कपाळाला हात लावत. पेपरात आलेल्या नव्या मंत्र्याच्या नावाचाही ते अर्थ लावून बघत आणि ‘टिकायचा न्हाई’ म्हणत. पुष्कळदा तो टिकत नसेही, पण त्यात नावाचा काय दोष असणार!

दुसरी सवय ‘चलो आत’ची. धारवाडी कन्नडमध्ये ‘चलो आत’ म्हणजे छान झालं, बरं झालं. अण्णांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी चलो सापडे. वीज गेली, ‘चलो आत, रेडिओ बंद पडला.’ नळाला पाणी नाही, ‘चलो आत, चार नंबर आज सकाळचा गाणार न्हाई.’ माझी बस चुकली की मला आधी त्यांचा राग येई आणि मग हसू.

पण जगाला नावाचा अर्थ विचारणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नाव आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. फाटकाच्या खांबावरच्या पाटीत ‘टी.’ आणि पुढं आडनाव. दुकानाच्या बोर्डावर तेच. आम्ही भाडेकरू पैजा लावत असू. कुणी म्हणे त्र्यंबक, कुणी तुकाराम. चार नंबर तर तानसेनवर अडून बसला होता. काकूंना विचारण्यात अर्थ नव्हता, त्या नवऱ्याचं नाव घेत नसत. हळदीकुंकवाला बायकांनी फारच धरलं तर उखाण्यात ‘अण्णांचं नाव घेते’ म्हणून सुटका करून घेत. आणि खुद्द अण्णांना विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

अशात एक दिवस अण्णांच्या ओळखीचे शेतकी कॉलेजातले एक प्राध्यापक आले. हॉलंडहून कुणी संशोधक केलगेरीच्या तळ्यातल्या गाळाचा अभ्यास करायला येणार होतं, त्यांना वर्षभर खोली हवी होती. नाव विल.

“विल. पुढं?”

“पुढं काही नाही. एवढंच.”

अण्णांनी डोळे मिटून ते नाव जिभेवर घोळवलं. “पुरुष,” ते म्हणाले. “बाईच्या नावाला शेवटी पदर असतो. सुशीला, कावेरी, बसव्वा. इतकं आखूड नाव बाईचं नसतं.” ते फक्त पुरुष भाडेकरू ठेवत. प्राध्यापकांना तरी कुठं ठाऊक होतं? पाच नंबरची खोली विलला देऊन टाकली.

महिन्याभरानं फाटकाशी रिक्षा थांबली आणि पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेली एक उंच बाई उतरली. वय तिशीचं, नाक उन्हानं लाल झालेलं. “मी विल,” ती इंग्रजीत म्हणाली.

“अय्यो, बाई की!” काकू ओरडल्या.

आम्ही सगळे अण्णांकडे बघायला लागलो. अण्णांचा विद्वत्तेचा बुरूज ढासळला होता, पण माणूस शब्दाचा पक्का. “खोली मी नावाला दिलीय,” ते म्हणाले. “नाव आलंय. राहू दे.” आणि तिला बाकावर बसवून त्यांनी आपल्या दुकानदारी इंग्रजीत तीन प्रश्न विचारले.

नाव सोडून तिला काही सांगता येईना. कशाचं तरी लहान रूप आहे, एवढंच तिला माहीत होतं. पण आम्ही जे हसण्यावारी नेलं होतं ते तिनं मनावर घेतलं. “आईला विचारून सांगते,” म्हणाली, आणि तोवर बिनतक्रार पाच नंबर झाली.

विलला घरात रुळायला वेळ लागला नाही. सकाळी बांबू आणि डबे घेऊन केलगेरीला जायची, दुपारी चिखलानं माखून परत यायची. मराठी ती आम्हा बाप्यांकडून शिकली, म्हणून ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ म्हणायची. काकूंना तिचं नाव उघडंबोडकं वाटे, म्हणून त्यांनीच त्याला पदर लावला. ‘विलव्वा, जेवायला बा,’ म्हणजे ये, अशी त्यांची हाक ऐकू आली की समजावं, आज भाकरीबरोबर काहीतरी खास आहे.

त्याच सुमारास हुबळीहून अण्णांची सून राहायला आली. आल्या दिवसापासून घराचा आवाज उतरला. तिची आधीची दोन मुलं जन्मून आठ-पंधरा दिवसांत गेली होती. आता तिसरं पोटात होतं. हुबळीतल्या वर्दळीत नको, सप्तापूरला शांत आहे, म्हणून तिला आणली होती. ती व्हरांड्यात उशीला टेकून बसायची आणि कुणी बाळाचं बोललं की दुसरीकडे बघायची.

काकूंनी मनाशी एक ठरवलं होतं. त्या अळणावरजवळच्या खेड्यातल्या. तिकडे मुलं जगत नसली की जन्मल्याबरोबर बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात, शेजारणीनं उचलायचं आणि नाव केराचं, दगडाचं ठेवायचं. मरणाला वाटावं, हा केर आहे, कशाला न्यायचा? मराठीत केरबा, धोंडू, कचरू ही नावं अशीच आलेली. काकूंनी हे बोलून दाखवलं मात्र, अण्णा पेटले. त्यांना इतकं चिडलेलं आम्ही कधीच पाहिलं नव्हतं.

“माझ्या घरात उकिरडा नको!” ते ओरडले. “पोर राहील न्हाईतर जाईल. असलं नाव ठेवायचं न्हाई!”

‘जाईल’ हा शब्द ऐकून सून उठून आत गेली. अण्णांनाही तो लागला असावा, कारण त्यानंतर ते बोलेनासेच झाले. वीज गेली, पाणी गेलं, कशातच त्यांना काही चलो सापडेना. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती, पण या साध्या गोष्टीवर एवढं पेटायचं कारण काही कळत नव्हतं.

एका रविवारी विल मला बरोबर घेऊन एस.टी.डी. बूथवर गेली. काचेच्या आत ती आईशी बराच वेळ बोलली, हसली. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते. घरी येऊन ती थेट बाकावर जाऊन बसली. “अण्णा, अर्थ आणला,” म्हणाली. काकू आणि सूनबाई व्हरांड्यात होत्या, मी अडलेल्या जागी मराठी करून सांगत होतो.

तिच्या गावाकडे पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव देतात. आजोबांचं नाव विलेम. त्याचे दोन तुकडे. पहिला विल, म्हणजे मनाची इच्छा, निर्धार. दुसरा हेल्म. याला मराठी शब्द काकूंना कळेल असा मला सुचेना, तेव्हा विल आत गेली आणि काकूंचं पितळेचं पातेलं डोक्यावर पालथं घालून बाहेर आली. लढाईत घालतात ते, म्हणाली. वार डोक्याला लागू नये म्हणून.

“लोखंडी टोपडं!” अण्णा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे चमकले होते. “म्हणजे जगायची इच्छा आणि वर लोखंडी टोपडं. चांगलं नाव हाय. पण पुरुषाचं.”

“दोघांचं,” विल म्हणाली. मुलगा असला तर विलेम, मुलगी असली तर विल्हेल्मिना, घरी दोघंही विल. तिच्या गावचा पोस्टमन विल होता आणि शाळेतली बाईही विल. मग आईनं फोनवर सांगितलेलं पुढचं सांगितलं. तिच्या आधी एक भाऊ झाला होता. आजोबांचं नाव त्याला दिलं, आणि तो पाळण्यातच गेला. नंतर ही झाली. तेच नाव हिला द्यायला आई घाबरत होती, पण आजोबा म्हणाले, नावाचा काय दोष, द्या. तेव्हा आईनं नाव दिलं, पण आयुष्यात कधी पूर्ण उच्चारलं नाही. लांब नाव एकदा मोडलं होतं, आखूड तरी टिकेल, म्हणून नुसतं विल.

काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं. पोटुशीसमोर गेलेल्या पोराचं बोलतात का कधी? पण सूनच पुढं झुकली. “मग तू वाचलीस?”

“वाचलो की,” विल म्हणाली. आणि सून हसली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

आता विल पाच नंबर राहिली नव्हती. तिला ते फार आवडलेलं दिसलं, म्हणून तिनं रीतीप्रमाणे उलट विचारलं, “अण्णा, तुमचं नाव काय? अर्थ काय? ठेवलं कुणी?”

आम्हा सगळ्यांच्या पैजा त्या एका प्रश्नावर टांगल्या होत्या. अण्णा उठले. “देवाजवळ दिवा लावायचाय,” म्हणाले आणि आत गेले. भर दुपार होती.

सून दिवस भरायच्या आधीच अडली. मुलगी झाली, मूठभर. हुबळीच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. कॉलेज सुटलं की मी तिकडे जाई. अण्णा बाहेरच्या बाकड्यावर बसलेले असत, मांडीवर छत्री आडवी. नर्सा येत-जात, प्रत्येकीच्या छातीवर नावाची पट्टी. अण्णा त्यातल्या एकीलाही अर्थ विचारत नव्हते. ते किती घाबरलेत हे मला त्यावरून कळलं. मी शेजारी बसे.

आणि एका संध्याकाळी मी जिना चढत होतो तेव्हा वरून आवाज आला, “नाव काय? अर्थ काय?” मी उरलेल्या पायऱ्या पळत चढलो. मुलीला पेटीतून काढून आईजवळ दिलं होतं, ती दूध ओढत होती, आणि अण्णांनी एका मल्याळी नर्सला भिंतीशी गाठलं होतं. मला त्या बाईच्या पायाच पडावंसं वाटलं.

बारसं सप्तापूरच्या घरी झालं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि अण्णांना मुलगी नव्हती. काकूंनी विलला आत्या केलं. आपलं इरकल लुगडं तिला नेसवलं, ते तिच्या घोट्यांच्या बरंच वर राहिलं. नावावरून अजून धुसफूस होती. अण्णांच्या मुलानं नव्या धर्तीचं एक छानसं नाव पक्कं केलं होतं. काकू गप्प होत्या. काकू गप्प असल्या की समजावं, त्यांनी ऐकलेलं नाही.

पाळण्याची दोरी हलली, बायकांनी पाळणा म्हटला. विल वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि परत सरळ होऊन सगळ्यांसमोर म्हणाली, “मला दोघांनी दोन नावं सांगितली. कुठलं सांगू?”

मुलगा काकूंवर उसळला. “आई, तुला बजावलं होतं ना!”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “दोन गेली रे माझी. तिसरी न्हाई द्यायची मला. केर म्हणा, शेण म्हणा, पण ऱ्हाऊ दे.”

“मलाबी तेच पाहिजे,” सून म्हणाली. अण्णांसमोर ती इतकं स्पष्ट कधी बोलली नव्हती.

सगळे अण्णांकडे बघायला लागले. आता आभाळ कोसळणार, असं वाटून मी दाराकडे सरकलो. अण्णा पाळण्याजवळ आले. बाळाचं टोपडं डोळ्यांवर आलं होतं, ते त्यांनी वर सारलं. मग ते विलकडे वळले.

“त्या दिवशी विचारलीस ते सांगतो. माझं नाव तिप्पण्णा. कन्नडमध्ये तिप्पे म्हणजे उकिरडा. हा अर्थ. ठेवलं माझ्या आईनं. माझ्या आधीची सगळी गेली होती. मला सुपात घालून परसातल्या उकिरड्यावर ठेवलं. शेजारची बाई आली, ‘इदु नंदु’, हे माझं, म्हणाली आणि उचलून आईच्या ओटीत टाकलं. मी जगलो. शाळेत पोरं मला बघून नाक धरायची. मोठा झालो, दुकान काढलो, बोर्डावर नुसतं टी. लिहिलो. जगाला अर्थ विचारत हिंडलो, का तर मला कुणी विचारायला नको.”

त्यांनी बाळाचं टोपडं पुन्हा सारखं केलं.

“तू पातेलं डोक्यावर घेऊन आलीस तवापासून एकच डोक्यात हाय. माझ्या आईनंबी मला लोखंडी टोपडंच घातलं होतं. मी जन्मभर समजलो, केर ओतला.”

मी रडलो, उगीच लपवत नाही. मुलगा खाली बघत होता. बापाचं नाव त्यानं आजवर कागदोपत्री लिहिलं असेल, पण ते आजीनं कशासाठी ठेवलं होतं हे त्यालाही नवंच असणार.

“तिला तेच ठेव,” अण्णा विलला म्हणाले. “शाळेत घाला काय घालायचं ते.”

विलनं विचार केला. “तिप्पण्णा लांब आहे,” ती म्हणाली. “आखूड करतो.” आणि वाकून बाळाच्या कानात म्हणाली, “तिप्पी.”

आता आपल्याकडे नाव सांगून होताच आत्याच्या पाठीत गुद्दे घालायची रीत आहे. ती विलला कुणी सांगितलीच नव्हती. जमलेल्या साऱ्या बायका एकदम तुटून पडल्या. विलला वाटलं, तिचं काहीतरी चुकलं. ती ‘सॉरी, सॉरी’ म्हणत पाळण्याखाली शिरायला लागली, आणि इतक्या महिन्यांचं कोंडलेलं हसू त्या घरात एकदम फुटलं. सून तर पाळणा धरून पोट दुखेपर्यंत हसली.

त्या हसण्यातच कुणीतरी म्हणालं, काकू, आता तरी नाव घ्या. काकू लाजल्या. मग पदर सारखा करून म्हणाल्या, “केलगेरीच्या तळ्याला पाणी काठोकाठ, तिप्पण्णांचं नाव घेते, पडली नातीशी गाठ.” अण्णा छत्री शोधायच्या निमित्तानं अंगणात गेले.

पुढं मला गावाकडे कायमची नोकरी लागली, विल गाळ मोजून परत गेली. पुष्कळ वर्षांनी विद्यापीठात काही काम निघालं तेव्हा मुद्दाम सप्तापूरला गेलो. फाटकाच्या खांबावर नवी पाटी होती, आणि तीवर पूर्ण नाव, मराठीत आणि कन्नडमध्ये. फाटकावर एक दोन वेण्यांची मुलगी झोके घेत होती. तिनं मला वाटेतच अडवलं.

“नाव काय?”

“तीन नंबर.”

“हे काय नाव हाय?”

मी खरं नाव सांगितलं. अर्थ अजून सापडला नव्हता, तसं कबूल केलं. ठेवलं मास्तरांनी. तिला माझी दया आलेली दिसली.

“आणि तुझं?”

“तिप्पी,” वर्गात पहिली आले असं सांगावं तसं ती म्हणाली. “तिप्पे म्हणजे उकिरडा. अज्जाच्या नावातलं अर्धं मला दिलंय. विलव्वा आत्यानं ठेवलं. मग तिला सगळ्यांनी मारलं.” आणि मान वळवून घरात ओरडली, “अज्जा, तीन नंबर आलेत!”

आतून खोकल्याचा आवाज आला, खुर्ची करकरली.

“अजून जिवंत हाय काय तो? चलो आत!”